‘मांडीवर’ लिहिणाऱ्या तनूच्या बाबांना

अहो, काल पुन्हा कुणीतरी तुमच्या ब्लॉगवर तुम्हाला विचारलंय. दोन महिन्यांच्या बाळाला सारखी उचकी लागते, पाणी पाजू का? खाली लिहिलंय, ‘दादा, लवकर सांगा, घरात सगळे पाजा म्हणतात.’ मी शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. मोबाईल वाजला, बघितलं आणि घास तसाच हातात राहिला. पाणी नको, आईचं दूध पाजा, उचकी आपोआप थांबते, एवढंच लिहायचं होतं. तुम्ही ते इतक्यांदा लिहिलंय की मला पाठ झालंय. पण लिहून झाल्यावर अडले. खाली नाव कुणाचं घालू? तो माणूस दादांना विचारतोय, आणि दादा आता नाहीत हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

नाव न घालताच पाठवलं. लगेच उत्तर आलं, ‘थँक्यू दादा.’

मी दमलेय हो. सांगून सांगून दमलेय. तेरावं होईपर्यंत घरातून माणूस हलत नव्हतं. आंबवड्याकडचे तुमचे सगळे भाऊबंद आले, शाळेतल्या बाया आल्या, ज्यांच्या पाण्याच्या जळलेल्या मोटरी तुम्ही नवी तार गुंडाळून भरून दिल्या ते शेतकरी आले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. दुपारी दुकानात काम करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. एवढंच तर आहे. पण लोकांना आणखी हवं असतं. आधी काही त्रास होता का, जेवले होते का, शेवटचं काय बोलले. शेवटचं तुम्ही मला म्हणालात, ‘येताना कोथिंबीर आण.’ हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता घर रिकामं झालंय, आणि जे तुम्हाला ओळखत नाहीत तेच तुम्हाला हाका मारत राहिलेत.

तुम्हाला आठवतं का, हे सगळं कशातून निघालं? माझी बाळंतपणाची रजा संपली होती. शाळा मार्गासनीच्या पुढे. सकाळी भोरहून एसटीनं नसरापूर, तिथून वडापची जीप. तुमची आई, आत्याबाई, गावाकडं, गोठ्यात म्हशी, त्यांना येऊन राहता येईना. पाळणाघर इथं कुठलं असायला. मी रजा वाढवायचा अर्ज लिहून ठेवला होता. तुम्ही म्हणालात, ‘कशाला? मी हाय की. दुकान माझं, पोरगी बी माझी. दोन्ही एका जागी सांभाळतो.’

मला वाटलं, आठवडाभरात हात टेकतील. मोटरीच्या तारांना लावायच्या वार्निशच्या वासात बाळ ठेवायचं नाही यावरून आपलं पहिलं भांडण झालं, ते मी जिंकले. तुम्ही दुकानाच्या बाहेर, पत्र्याच्या सावलीत लुगड्याची झोळी बांधलीत आणि वार्निशचं काम मी घरी आल्यावर करायला लागलात. गिऱ्हाईक यायचं, मोटर खाली उतरवायचं आणि बघत राहायचं. तुम्ही पाय पसरून बसलेले, पायांवर उघडी तनू, शेजारी कोमट पाण्याची बादली.

‘मालकीण कुठंय?’

‘शाळंत.’

‘आन् लेकरू तुझ्याकडं?’

‘मग काय शेजाऱ्याकडं ठिऊ? माझंच हाय न्हवं.’

लोक हसायचे. तुम्हीही हसायचात. आत्याबाईंकडून तुम्ही पायावर न्हाऊ घालायला शिकलात, मान कशी धरायची, डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर हात कसा आडवा लावायचा. मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा तनूच्या अंगाला साबणाचा आणि तुमच्या हातांना ग्रीसचा वास असायचा. मला तेव्हा हेवा वाटायचा तुमचा. दिवसभर मी दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि माझी मुलगी झोपेत कूस बदलली तरी तुमच्या बाजूला वळायची.

तनू गुणी आहे असं सगळे म्हणायचे. एवढा ठोकाठोकीचा आवाज, मोटर चाचणीला लावली की पत्रा थरथरायचा, पण ही झोळीत गाढ. ‘दत्ता, पोरगी लई गुणी रं, डोळा उघडत न्हाई,’ असं कुणी म्हटलं की तुमची छाती फुगायची. वर्षाची झाली तरी बोलेना, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, ‘दत्त्या बी लई उशिरा बोलला व्हता. आता बघ, गप बसवावं लागतंय त्येला.’ तुम्ही ते उचलून धरलंत.

आणि मग तो दिवस. मी तिथं नव्हते, पण तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की मला माझाच वाटतो. तनू पाठमोरी बसून वायरच्या रिळाशी खेळत होती. तिच्या मागं कुणाच्या तरी हातून मोटरचं लोखंडी झाकण फरशीवर पडलं. रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघायला लागला. तनू वळली नाही. तुम्ही मुद्दाम पुन्हा एकदा झाकण आपटलंत. नाही वळली. मग तुम्ही तिला उचलून चालू मोटरीपाशी नेलंत आणि तिचा तळहात मोटरीच्या अंगावर ठेवलात. तेव्हा ती खळखळून हसली.

तुम्ही दुकान उघडं टाकून थेट माझ्या शाळेत आलात. मोटरसायकलवर, पुढं तनूला कापडानं पोटाशी बांधून. मी वर्गात पाढे म्हणून घेत होते. दारात तुम्हाला बघितलं आणि मला वाटलं, आत्याबाई गेल्या. तुम्ही म्हणालात, ‘बाई, हिला ऐकू येत न्हाई.’ तुम्ही मला थट्टेनं ‘बाई’ म्हणायचात. त्या दिवशी थट्टा नव्हती.

पुण्यात तिला झोपवून डोक्याला वायरी लावून तपासलं. जन्मापासूनच ऐकू येत नसणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मशीन लावल्यावर बरंच कानावर पडेल, बोलायलाही शिकेल, पण आता वेळ घालवू नका. लवकर आणलं असतंत तर तिला सोपं गेलं असतं. हे शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मी ते विसरले. तुम्ही नाही विसरलात.

मशीन आली. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आपण पुण्याला जायचो, आणि त्यांनी सांगितलेलं तुम्ही दिवसभर दुकानात करायचात. उजेडात तोंड करून, तिच्यासमोर बसून, हातात एकेक वस्तू धरून. पाना. पक्कड. वायर. पाणी. गिऱ्हाइकाला थांबवून. तिचा पहिला शब्द ‘पाना’. मी आई असून ‘आई’ पुढच्या पावसाळ्यात आला. तुम्ही माझी समजूत घालायचात, ‘पाना म्हंजे मीच की.’ त्यानं समजूत कशी पटायची?

त्यानंतर तुम्ही लिहायला लागलात. दुकानात इंटरनेट आलं होतं, कुणीतरी ब्लॉग काढून दिला. नाव तुम्हीच ठेवलंत, ‘मांडीवर’. पहिलाच लेख तुम्ही मला दाखवलात आणि मी लाल पेन घेतलं. तुम्ही लिहिलं होतं, ‘माझी पोरगी गुनी न्हवती. तिला ऐकू येत न्हवतं. मला कळलं न्हाई. तुमचं लेकरू लई शांत असंल तर खुश हू नका, मागनं टाळी वाजवून बघा.’ मी ते शुद्ध करून दिलं. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, ‘आता हे शाळेच्या सूचना-फळ्यावरचं वाटतंय. असं वाचून कोन टाळी वाजवंल?’ आणि मूळ होतं तसंच टाकलंत.

आपल्याला वाटलं नव्हतं कुणी वाचेल. पण बाप वाचायला लागले. आयांसाठी सांगणारे पुष्कळ होते, बापाला कोण सांगणार? शिवऱ्याजवळचा पंक्चर काढणारा एक जण, बायको आजारी आणि पदरात तान्हं मूल. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा, बाप होऊन महिना झालेला. ते विचारायचे, तुम्ही सांगायचात. मानेला आधार कसा द्यायचा. ढेकर कशी काढायची. वर्षाच्या आत मध चाटवू नका. कानात तेल घालू नका, हे लिहिलंत तेव्हा आत्याबाई तुमच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. ‘म्या तुज्या कानात घातलं त्ये काय इख व्हतं व्हय?’ तुम्ही त्यांच्या पाया पडलात, पण लेख काढला नाहीत. जे माहीत नाही तिथं सरळ लिहायचात, ‘मी मोटरवाला हाय. हे डॉक्टरला इचारा. आजच इचारा.’

मी वैतागायचे, तेही खरं. जेवताना मोबाईल. लग्नाच्या पंगतीत मोबाईल. माझ्या भावाच्या साखरपुड्यात तुम्ही मांडवामागं उभं राहून कुणाला तरी जुलाब लागलेल्या बाळाला साखर-मिठाचं पाणी कसं करायचं ते सांगत होतात. मी म्हणायचे, आपल्याला काही घर आहे की नाही? तुम्ही म्हणायचात, ‘फोन ठिवला आन् त्या लेकराला काय झालं तर?’ मी दरवेळी हरायचे. अशा चांगल्या कारणांपुढं हरत राहणंही माणसाला थकवतं, हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही.

पण वेल्ह्याच्या त्या जीपवाल्यावरून मी हरले नव्हते. ते भांडण अजून आपलं बाकी आहे.

त्याचं मूल दहा महिन्यांचं, हाक मारली तर बघायचं नाही. त्याला तपासून आणायचं होतं, पण त्याचे वडील ऐकेनात. तुम्ही तनूला घेऊन त्यांच्या वाडीवर गेलात. ती तेव्हा चौथीत होती. मीही आले होते, दारात बसले होते. म्हातारबा म्हणाले, ‘आमच्या घरान्यात कुनी भैरं न्हाई.’ तुम्ही म्हणालात, ‘आमच्यात बी न्हवतं, बाबा.’ आणि तनूला पुढं केलंत. ‘तनू, मशीन दाखव आज्याला.’ तिनं केस मागं सारून दाखवलं. म्हातारबांनी बोट लावून पाहिलं.

‘ही काढली म्हंजे?’

‘मग तुम्ही मला दिसता, ऐकू येत नाही,’ तनू म्हणाली.

सगळे हसले, म्हातारबाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः नातवाला जीपमध्ये घातलं.

परत येताना तनूनं केस कानावर ओढून घेतले. घरी आल्यावर मी तुम्हाला म्हटलं, ती काय जत्रेतली दाखवायची वस्तू आहे? तुम्ही म्हणालात, तिनं एका लेकराचं भलं केलं. मी म्हटलं, तिला विचारलंत का? चार दिवसांनी जीपवाल्याचा फोन आला. मुलाचे कान चांगले होते. सर्दीनं आत पाणी धरलं होतं, औषधानं बरं होणार होतं. तो आनंदानं रडत होता, आणि नंतर तांदळाची पिशवी घेऊन दारात आला. मी म्हटलं, बघा, उगाच घाबरवलंत त्यांना. तुमचं उत्तर मला शब्द न् शब्द आठवतं. ‘घाबरू दे की. घाबरून पुण्याला गेलेला बाप चालंल. माझ्यासारखा छाती फुगवून बसलेला नको.’

पण तनूला विचारलं का, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

ते तिनंच मागितलं, दहावीत. वर्गातल्या मुलींना ब्लॉग सापडला. तनू लहानपणी कुठं कुठं ओलं करायची, शी धरून कशी बसायची, दुधाची बाटली कशी सुटली, सगळं तुमच्या त्या मोकळ्या भाषेत, तिच्या नावानिशी. एकीनं डब्याच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं. तनूला सगळं ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता येतात तिला.

घरी येऊन ती म्हणाली, ‘बाबा, माझं हगणं-मुतणं अख्ख्या तालुक्याला माहितीये.’

तुम्ही हसलात. तिथंच चुकलं. ‘अगं, त्यात काय लाजायचं? समदी लेकरं हगत्यात.’

‘त्यांचं मोबाईलवर नसतं!’

‘लोकांना उपेग हुतो, तनू.’

‘मग लोकांचेच व्हा ना बाबा.’

तुम्ही समजावत राहिलात. तिनं शांतपणे कानामागची मशीन काढून टेबलावर ठेवली आणि समोरच बसून राहिली. तुमचे ओठ हलत होते, आणि ती खिडकीकडे बघत होती. तुमचा चेहरा मी इतका पडलेला कधी पाहिला नव्हता, पुण्याच्या त्या दवाखान्यातही नाही. तुम्ही तिचे फोटो काढून टाकलेत. लेख तसेच ठेवलेत. ‘ह्यातलं एक बी खोटं न्हाई,’ एवढंच मला म्हणालात. मी म्हटलं, खरं आहे म्हणूनच तर. तुम्ही दुकानात निघून गेलात.

पुढं ती तुमच्याशी बोलायला लागली, भाजीला काय आणू, चार्जर कुठाय, असं. मोटरसायकलवर मागं बसायची. पण ब्लॉगचं नाव घरात निघालं नाही. तुम्हा दोघांना आणखी वेळ आहे असं मी धरून चालले होते. बारावी होऊ दे, मग बसवते दोघांना समोरासमोर, असं मनात होतं.

गेल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, ‘तनू, मी ते बंद करते. मला होत नाही. शाळा, घर, दुकानातलं लोकांचं सामान परत द्यायचं, आणि वर हे रोजचे प्रश्न. आणि तुलाही ते नकोच होतं.’ मला वाटलं, तिला बरं वाटेल.

ती म्हणाली, ‘थांब. आधी मी वाचते.’

‘तू वाचलेलं नाहीस?’

‘मुलींनी दाखवलं तेवढंच. बाबांचं सगळं कधी वाचलं नाही.’

आज रविवार. सकाळपासून ती माळ्यावरची ती तुमची जुनी खुर्ची खाली काढून, अंगणात बसून वाचतेय. मी भांडी घासली, कपडे वाळत घातले, मध्येच जाऊन चहा ठेवून आले. तिनं वर पाहिलं नाही. एकदा हसण्याचा आवाज आला. एकदा बराच वेळ काहीच आला नाही, तेव्हा मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. पहिला लेख वाचत असावी.

दुपारी आत आली. डोळे सुजलेले. म्हणाली, ‘आई, काही लेख मी काढले. माझे होते, मी काढले.’ कुठले ते मी विचारलं नाही. तुम्हाला माहीत असतील.

‘आणि बाकीचे?’

‘राहू देत.’ मग म्हणाली, ‘बाबांना वाटायचं, त्यांच्यामुळं उशीर झाला. प्रत्येक लेखात तेच आहे, आई. ढेकर काढायच्या लेखातसुद्धा. मला कधी म्हणाले का नाहीत?’

मलाही नाही म्हणालात. त्या डॉक्टरीणबाईंचं वाक्य तुम्ही इतकी वर्षं उराशी धरून होतात, आणि मला वाटायचं तुम्हाला लोकांची हौस आहे. तुमचा राग यायला हवा की कीव, ते ठरवायचीही ताकद आज माझ्यात नाही.

तिनं सगळ्यात वर एक ओळ लिहिलीय: ‘हे लिहिणारे माझे बाबा आता नाहीत. प्रश्न विचारत राहा. मला माहीत असेल ते मी सांगेन, नसेल तर डॉक्टरांकडं पाठवीन. – तनुजा.’

मग तिनं मला एक प्रश्न दाखवला. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला, त्याच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. वेल्ह्याकडच्याच एका बापाचा. ‘पोरगी दीड वर्साची. मशीन लावली की वढून काढते, लई रडते. आमी दोघं धरून लावतो. दादा, मोठी झाल्यावर ती मला शिव्या दील का?’

‘याला काय लिहू?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझं तू बघ. ती उभ्याउभ्याच टाइप करायला लागली. सुरुवातीला थोडा थोडा वेळ लावा, मशीन कानात असताना तिच्याशी खेळा, रडणं थांबतच नसेल तर मशीन नीट बसलीय का ते दाखवून आणा. आणि खाली लिहिलं, ‘शिव्या देईल. मी दिल्या. पण तुम्ही काय उत्तर देताय ते तिला ऐकू येईल.’

पाठवू का म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

आता ती पुन्हा अंगणात बसलीय. आणखी कुणाला तरी उत्तर लिहितेय. अहो, मी जरा पडते.